निकाल वाचायचा कसा? सीमाभागातल्या नवख्या वाचकासाठी

2015 च्या दिवाळीत आत्या माहेरी आली होती. जेवताना वाटणीचा विषय निघाला. खानापूर तालुक्यात आमची 90 गुंठे वडिलोपार्जित जमीन. आजोबा 1998 ला वारले, आजी त्यांच्या आधीच गेलेली. मागे दोन मुलगे, म्हणजे माझे बाबा नि काका, आणि ही एक मुलगी, 1986 ला लग्न होऊन गेलेली. मी नुकतीच पेपरात बातमी वाचली होती की वडील 2005 पूर्वी वारले असतील तर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पानावर बसल्या बसल्या मी ती छातीठोकपणे सांगितली. महिन्याभरात आत्याने सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली.

बातमी अगदीच खोटी नव्हती, पण मी निकाल वाचला नव्हता. तो कुठे मिळतो हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कायद्यातल्या घडामोडी समजून घ्याव्यात, चार लोकांना समजावून सांगाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. वकील व्हायची गरज नाही. निकाल हातात धरायचा कसा एवढं कळलं तरी पुष्कळ.

आधी मूळ कागद

बातमीत कोर्टाचं नाव, पक्षकारांची नावं आणि तारीख, यातलं जे मिळेल ते वहीत टिपा. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर आणि 2023 पासून ई-एससीआर नावाच्या भांडारात फुकट मिळतात. पुष्कळशा निकालांचे मराठी नि कन्नड अनुवादही तिथे आहेत. अनुवाद जरूर वाचा, पण त्यावर वाद घालू नका. अनुवाद समजण्यापुरता असतो, अधिकृत पाठ इंग्रजीच, हे त्यावरच छापलेलं असतं. अनुवादातलं वाक्य डोक्यात शिरलं नाही तर इंग्रजीतला तोच परिच्छेद क्रमांक काढा. दोन्हीकडे परिच्छेदांचे क्रमांक जुळतात.

खालच्या कोर्टातला दावा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सापडतो. प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात सुरुवातीला राज्य नि जिल्हा, मग कोर्ट, मग अनुक्रमांक आणि शेवटी चार आकडी साल. हा क्रमांक मिळाला की पुढची तारीख कुणाला विचारावी लागत नाही. बेळगावच्या कोर्टात दिवाणी दाव्याला ‘ओ.एस.’ म्हणतात, चंदगडला तुमच्या मामाचा तसाच दावा असेल तर तिथे ‘आर.सी.एस.’ लिहिलेलं दिसेल. नावं वेगळी, प्रकार एकच. कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचकडून आलेल्या कागदावर ‘आर.एस.ए.’ असेल तर ते दुसरं अपील, ‘आर.एफ.ए.’ असेल तर पहिलं, आणि ‘डब्ल्यू.पी.’ म्हणजे रिट, थेट हायकोर्टात केलेली याचिका.

हा शब्द कुणाचा?

गेल्या वर्षी कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, 18 ऑगस्ट 2025 पासून. चन्नम्मा सर्कलजवळ चहा पिताना एकजण मला म्हणाला, "चला, आता धारवाडची फेरी वाचली." वाचली नाही. कोल्हापूरचं बेंच कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा सगळा मुलूख कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचखाली येतो. ते 2008 ला सर्किट बेंच म्हणून आलं आणि 2013 पासून कायमचं झालं.

निकाल वाचताना याचा संबंध असा येतो. सुप्रीम कोर्टाने घालून दिलेला कायदा घटनेच्या कलम 141 नुसार देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. हायकोर्टाचा मात्र आपापल्या हद्दीत. म्हणजे ‘मुंबई हायकोर्टाचा महत्त्वपूर्ण निकाल’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती आपल्या मराठी ग्रुपांवर महाराष्ट्रातूनच येते, आणि खानापूरचा माणूस ती घेऊन वकिलाकडे जातो. वकील तो निकाल कोर्टापुढे ठेवू शकतो, न्यायाधीशांना पटला तर त्याचा आधारही घेतील. पण तो मानलाच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही. आपण मराठीत वाचतो आणि कोर्ट आपलं कर्नाटकात. सीमाभागातल्या वाचकाची निम्मी गफलत इथे होते.

जुन्या कागदांत उलटा प्रकार दिसतो. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, चंदगड तालुकाही तेव्हा याच जिल्ह्यात. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 ने जुने कायदे बदल होईपर्यंत तसेच चालू ठेवले. म्हणून बेळगावातल्या जुन्या खटल्यात ‘बॉम्बे’ नावाचा कायदा दिसला तर दचकू नका.

हायकोर्टाच्या नव्या निकालांवर एक क्रमांक असतो. त्यात ‘केएचसी-डी’ असं दिसलं तर तो धारवाडचा.

किती न्यायाधीश, कोणती तारीख

आता आत्याकडे येतो.

मी वाचलेली बातमी ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या खटल्याची होती, निकाल 16 ऑक्टोबर 2015 चा. हा दावा मुळात लागला होता आपल्याच बेळगावच्या दिवाणी कोर्टात, 1992 साली. वडील 1988 ला वारलेले, मुलीने 1/7 हिस्सा मागितलेला. दावा चालू असतानाच 2005 ला हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 6 बदललं आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार झाली. ही दुरुस्ती अमलात आली 9 सप्टेंबर 2005 ला. प्रश्न एवढाच होता की त्या तारखेआधी बाप वारला असेल तर काय? सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला बाप आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच नव्या दुरुस्तीचा लाभ.

पेपराने याचं ‘हक्क नाही’ केलं. कोर्टाचं म्हणणं होतं, भावाइतका हक्क नाही. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते आमच्या 90 गुंठ्यांवर मोजून बघा.

जुन्या नियमाने आजोबा वारले त्या दिवशी मनातल्या मनात एक वाटणी धरायची: आजोबा, बाबा, काका, प्रत्येकी 30 गुंठे. मग आजोबांच्या 30 गुंठ्यांना तिन्ही मुलं वारस, प्रत्येकी 10. म्हणजे मी जेवताना सांगितलेला निकाल जसाच्या तसा लावला तरी आत्याचे 10 गुंठे होतेच. आणि हे त्या निकालातच दिसत होतं: खालच्या कोर्टाने त्या मुलीला काही मिळकतींत 1/28 हिस्सा दिला होता तो याच मनातल्या वाटणीच्या हिशेबाने. सुरुवातीची पानं मी उघडली असती तर तो आकडा दिसला असता, आणि हक्कच नसेल तर हा 1/28 आला कुठून, असा प्रश्न मला पडला असता.

पुढे 1 फेब्रुवारी 2018 ला कर्नाटकातल्याच ‘दानम्मा विरुद्ध अमर’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी 2001 ला वारलेल्या बापाच्या मुलींना समान हिस्सा दिला. दोन निकाल, दोन्ही दोन-दोन न्यायाधीशांचे, आणि एकमेकांशी न जुळणारे. दोघांचं पीठ दुसऱ्या दोघांचा निकाल मोडू शकत नाही. प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं लागतं. गेलंही. 11 ऑगस्ट 2020 ला ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’मध्ये तीन न्यायाधीशांनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माचा आहे, 9 सप्टेंबर 2005 ला बाप हयात असण्याची गरज नाही. फुलवतीचा निकाल उलटला. या हिशेबाने आमच्या जमिनीचे तीन सारखे भाग, आत्याचे 30 गुंठे.

म्हणून पहिल्या पानावर दोन गोष्टी बघायची सवय लावून घ्या: न्यायाधीशांची नावं मोजा आणि तारीख बघा. मग शोधायचं, की या निकालानंतर तेवढ्याच किंवा मोठ्या पीठाने काय म्हटलंय. हे शेवटचं काम लोक करत नाहीत. अजूनही काही जण 2015 चं कात्रण घेऊन बहिणीशी भांडताना मी पाहिलेत.

जुन्या खटल्यांत आणखी एक तारीख आडवी येते. 2005 च्या आधीच दोन्ही राज्यांनी मुलींना हक्क देणाऱ्या आपापल्या दुरुस्त्या केल्या होत्या. महाराष्ट्राची 22 जून 1994 पासून, कर्नाटकची 30 जुलै 1994 पासून. दोन्हींत त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे जमीन असलेल्या घरात जुना निकाल वाचताना हे साल डोक्यात ठेवा.

गोष्ट काय होती?

निकालात आधी हकिगत येते, मग दोन्ही बाजूंचं म्हणणं, मग कोर्टाचं मत. बांधून ठेवणारा भाग असतो तो त्या हकिगतीवर, तो प्रश्न सोडवण्यासाठी लागणारा नियम. बाकी जाता जाता केलेलं भाष्य कितीही सुंदर असलं तरी त्याचं वजन वेगळं. पेपरचा मथळा बहुतेक वेळा या भाष्याचाच असतो, कारण ते वाचायला चुरचुरीत असतं. सुनावणीत न्यायाधीश तोंडी काही बोलले, व्हिडिओ फिरला, त्याला तर निकाल म्हणतच नाहीत.

विनीता शर्माचा निकाल वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा आहे. बापाने स्वतः कमावलेल्या घराला तो लागत नाही, आणि त्या घराचं मृत्युपत्र करायला बाप मोकळा आहे. दुसरं म्हणजे 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी 2005 च्या दुरुस्तीनेही उकरता येत नाही. पण वाटणी कशाला म्हणायचं? कायदा म्हणतो, नोंदणी झालेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. आपल्याकडे तर पंचांसमोर तोंडी वाटणी करायची, तलाठ्याकडे वर्दी द्यायची, उताऱ्यावर नावं चढवायची आणि ज्याने त्याने आपापल्या तुकड्यात नांगर घालायचा, अशी रीत. भाऊ म्हणतात वाटणी 1990 लाच झाली. सुप्रीम कोर्टाने अशा तोंडी वाटणीचा दावा सहजासहजी मानू नये असं बजावलंय. सरकारी कागदांचा पक्का आधार असेल तर अपवाद म्हणून. तेव्हा वर्दीचा कागद किती वजनदार, हे ज्याच्या त्याच्या पुराव्यावर ठरतं. इथे वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कागद मोडीत असतील तर आधी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. मोडी वाचणारे हल्ली शोधावे लागतात.

शेवटचं पान, आणि ‘वजा’

मी आता कुठलाही निकाल शेवटून उघडतो. शेवटच्या परिच्छेदात काय केलं ते असतं, का केलं ते मधे. तिथले शब्द नीट ओळखा. अपील मंजूर, अंशतः मंजूर, फेटाळलं, इथवर सरळ आहे. ‘निकाली काढलं’ म्हणजे कोणी जिंकलं असं नाही, फाईल बंद झाली एवढंच. ‘परत पाठवलं’ म्हणजे खालच्या कोर्टाने पुन्हा ऐकायचं. पेढे वाटायची घाई नको.

आपल्या तालुका कोर्टातला कागद कन्नडात असू शकतो. तीर्पु म्हणजे निकाल, दावे म्हणजे दावा, मेल्मनवी म्हणजे अपील, तडेयाज्ञे म्हणजे मनाई. वादी-प्रतिवादी तेच. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांनी. कोर्टाच्या कन्नडात ‘वजा’ म्हणजे फेटाळला. एक शेतकरी हुकुमाचा कागद माझ्यापुढे धरून विचारत होता, "वजा केलंय म्हणजे किती रक्कम वजा केली?" त्याचा आख्खा दावाच वजा झाला होता. अपिलाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. ‘पुरस्करिसलागिदे’ दिसलं तर अर्ज मंजूर झालाय.

‘स्थगिती’ नि ‘जैसे थे’ हे शब्द बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासच्या खटल्यांमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेत. पण दोन्ही तात्पुरते. खटला संपेपर्यंत आहे ते हलवू नका एवढाच त्याचा अर्थ. जमीन कुणाची यावर कोर्टाने अजून तोंड उघडलेलं नसतं.

आणखी एक मथळा: ‘सुप्रीम कोर्टाचंही शिक्कामोर्तब’. सुप्रीम कोर्टाने विशेष अनुमती याचिका एका ओळीत, कारण न देता फेटाळली असेल तर त्याने हायकोर्टाच्या मतावर शिक्का मारला असं होत नाही. अपील ऐकायला नकार दिला, इतकंच. कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य, 2000, यात हे स्पष्ट आहे.

फौजदारी खटल्यांत कलमांचे आकडे जपून वाचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली; खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये. गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनीच कलमं लागतात, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसणार.

न लागलेला निकाल कसा वाचायचा

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 ला सुप्रीम कोर्टात घातला, 865 गावांवर हक्क सांगत. दर सुनावणीच्या आदल्या दिवशी बेळगावात ‘उद्या निकाल’ अशी हवा होते. तो दावा कलम 131 खालचा मूळ दावा आहे. राज्य विरुद्ध राज्य असं भांडण थेट सुप्रीम कोर्टातच चालतं, आणि ते अपिलासारखं नाही, दिवाणी दाव्यासारखं चालतं. मुद्दे काढणं, पुरावा, साक्षी. त्याला वेळ का लागतो याचं निम्मं उत्तर यात आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल लोक कोर्टाच्या निकालासारखा नाचवतात, दोन्हीकडचे. तो आयोगाचा अहवाल आहे. महाराष्ट्राने तो मानला नाही आणि कर्नाटक त्यालाच धरून बसलंय, त्यावरून भांडण उरलं.

कर्नाटकचा एक मुख्य मुद्दा असा की राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम 3 नुसार संसदेचा, कोर्टाने यात पडू नये. समजा उद्या कोर्टाने हा मुद्दा मान्य केला, तर बातमी येईल ‘महाराष्ट्राचा दावा फेटाळला’ आणि एका बाजूला फटाके वाजतील. पण बेळगाव कुणाचं यावर कोर्टाने तेव्हा काहीच म्हटलेलं नसेल. हा प्रश्न आमच्याकडे आणू नका, एवढंच म्हटलेलं असेल. आणि मुद्दा अमान्य झाला तर तेही महाराष्ट्र जिंकलं असं नव्हे, दावा ऐकला जाईल इतकंच. ती बातमी येईल त्या दिवशी हा परिच्छेद काढून वाचा.

आपण लिहिताना

चार निकाल वाचून झाले की लिहावंसं वाटतं. लिहा. कोर्टाचा अवमान होईल म्हणून पुष्कळ जण बिचकतात. पण 1971 च्या अवमान कायद्याचं कलम 5 सांगतं की निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर तो अवमान नव्हे. निकाल चुकला असं म्हणा, का ते सांगा. न्यायाधीशांनी कुणाचं तरी ऐकून दिला असं म्हणायला गेलात तर ते वेगळं. चालू खटल्यात हात आखडून लिहा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची आणि लहान मुलांची ओळख कळेल असं काही नको: नाव तर नाहीच, पण ‘अमुक गावच्या शाळेजवळचं घर’ हेही नको, आपल्या गावात तेवढ्यावरून कळतं.

टिपणाच्या डोक्यावर कोर्ट, पीठात किती न्यायाधीश आणि निकालाची तारीख लिहा. खाली आपण ते कधी वाचलं ती तारीखही. कायदा बदलला की जुनं टिपण फाडू नका, त्यावर बदलाची तारीख घाला.

आत्याची सही मात्र तशीच आहे. 2020 च्या निकालाने नोंदवलेलं हक्कसोडपत्र आपोआप रद्द होत नाही. फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन सही घेतली असं म्हणून दावा लावावा लागतो, आणि तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. विनीता शर्माचा निकाल छापून घेऊन मी तिच्याकडे गेलो, 10 आणि 30 गुंठ्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "नि मागचा निकाल? तो असाच छापून वाचला होतास का रे?"

मी म्हटलं, पेपरात आलं होतं.

यंदा बाबा नि काका तिच्या नावे बक्षीसपत्र करायचं म्हणतायत. काका 10 गुंठ्यांवर अडलेत.